जुना मॅप परत येणार म्हणे

मंडळी, आमच्या लहानपणीच्या ऑनलाइन गेमच्या कंपनीत नव्या प्रमुख आल्यात. गेममधला बंद केलेला जुना मॅप परत आणू, असं त्यांनी आज व्हिडिओत सांगितलं.

गुडगावच्या ऑफिसात जेवता जेवता तो व्हिडिओ पाहिला आणि लगेच पुण्याला ताईला फोन लावला. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघं एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने हा गेम खेळायचो.

"यार, कंपनीच्या आधीच्या साहेबांनीही हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. मग विचारलं, "माझा पासवर्ड आठवतो का रे तुला?"

आठवत होता. लगेच सांगितला. ताईचं लग्न झाल्यापासून आम्ही फक्त सणावारी बोलतो.

नव्या प्रमुख शब्द पाळतील की नाही, कुणास ठाऊक. मला तर मॅपपेक्षा शेजारी बसून भांडणारी ताई हवी आहे. तुम्ही कुणाबरोबर खेळायचात?