टूथब्रशचा दांडा

निपाणीत मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून मी जुनी बेस गिटार घेतली. बेळगावात घरी येऊन बघतो तर तारा टेकायची वरची पट्टी म्हणजे टूथब्रशचा कापलेला दांडा! त्यात जाड तार दाबली की नुसती खरखर. डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली आणि त्याच्या टेबलावर गिटार आदळली.

"अण्णा, लाज वाटत न्हाय? फसवलासा मला!"

तो चिडला नाही, त्यामुळं मी आणखीच पेटलो. त्यानं शांतपणे हात पुसले, गिटार मांडीवर घेतली, लाकडाला कान लावला आणि तीच तार मानेवरच्या एका पितळी पट्टीच्या अगदी लगत दाबून छेडली. सूर स्वच्छ निघाला.

"दांडा माझा हाय, मान्य. पर खरखर तुमच्या बोटाची हाय," तो म्हणाला. "घेताना फोटो लई काढलासा. एकदाबी वाजवून बगितली न्हाई."

मी गिटार हिसकावून निघालो. अजून ती भिंतीला टेकूनच आहे.

घेताना काढून मी ऑनलाइन टाकलेल्या फोटोखाली परवा कुणीतरी लिहिलं, 'भारी वाजवतोस रं!' त्याला मी ब्लॉकच केलं.