रक्तवाहिनीचं अस्तर

पायाच्या रक्तवाहिन्या बंद होऊन सासऱ्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला, तेव्हा नणंद नालासोपाऱ्याहून आली आणि चपला काढता काढताच मला म्हणाली, "तू रक्तवाहिन्या बनवतेस ना? मग बनव."

मी सातिवलीला एका गाळ्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. हाडाच्या ऑपरेशनच्या वेळी लोकांनी संमतीने दिलेली मज्जा आमच्याकडे येते. तिच्यातून मी रक्तवाहिनीला आतून अस्तर घालणाऱ्या पेशी वाढवते. पुढेमागे कृत्रिम नळीत हे अस्तर बसलं, तर तिच्यात रक्त गोठणार नाही, एवढीच आशा. लग्नानंतर हे मी घरात हौसेने सांगितलं होतं. तेव्हा कुणी ऐकलं नाही.

"ताई, त्या अजून बशीतच वाढतात. माणसात घालता येत नाहीत."

"येत नाहीत, की तुला घालायच्या नाहीत?"

नवरा मोबाइलमध्ये बघत बसला. नणंदेपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला.

त्याच आठवड्यात ती गाळ्याच्या गेटवर येऊन वॉचमनशी भांडली. तमाशा नको म्हणून साहेबांना विचारून तिला आत नेलं, सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. फरशा जोडाव्यात तशा पेशी एकमेकींना चिकटून पसरल्या होत्या.

"यातल्या कितीतरी मध्येच मरतात," मी म्हणाले. "काही भलत्याच प्रकारच्या पेशी होऊन बसतात."

ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता तरी पटलं असेल. मान वर करून ती म्हणाली, "चांगल्या जिवंत आहेत की! आणि तू त्यांना इथे खाऊपिऊ घालत बसतेस."

डॉक्टरांनी सासऱ्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. मनवेलपाड्याला आमच्या घरी आल्यापासून ते माझ्या हातातून चहा घेईनात. "तिथे ठेव," म्हणायचे.

पुढे आम्ही उंदरांवर प्रयोग सुरू केला. त्यांच्याच मज्जेतल्या पेशी लावलेली बारीक नळी त्यांच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत बसवायची. नवऱ्याने बहिणीला ते सांगितलं, आणि ती सगळ्या नातेवाइकांना ऐकवत सुटली, "उंदराला दिलं, बापाला नाही."

पहिल्याच उंदरात नळी गोठली. मागचे दोन्ही पाय फरफटत तो पिंजऱ्यात फिरत होता. शेवटी त्याला कायमचं झोपवावं लागलं.

रविवारी सगळे जेवायला बसले असताना मी हे मुद्दाम सांगितलं, उंदराच्या पायांसकट. "तुमच्या वडिलांचंही हेच झालं असतं, ताई."

"खोटारडी," ती म्हणाली.

सासऱ्यांनी ताट पुढे ढकललं. "मला कुणी विचारलंत का? मी हो म्हणालो असतो."

"मी तरीही नाहीच म्हणाले असते," मी म्हणाले.

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले आणि त्यांनी मुलीला व्हीलचेअर जवळ आणायला सांगितलं.