ओट्यावरची गणितं
फ्रीज उघडला की थोरल्या जावेने धाडलेल्या, ओल्या फडक्यातल्या मोगऱ्याच्या कळ्यांचा वास येतो आणि माझं डोकं अजूनही फिरतं. लेक तेव्हा दहावीत जाणार होती. मी शाळेत गणित शिकवायची, पण घरी "अभ्यास झाला का?" विचारलं की लेक पुस्तकावरच डोकं टेकून झोपायची. वेळापत्रक लावलं, मोबाइल काढून घेतला, उपयोग शून्य. त्या मे महिन्यात ती उमेळ्याला याच जावेकडे राहायला गेली. एका संध्याकाळी तिला आणायला मी नायगावहून गेले, तर ओट्यावर जाऊ गजऱ्यासाठी कळ्या ओवत बसलेली आणि माझी लेक तिच्या गुडघ्याला टेकून गणितं सोडवतेय, तीही गुणगुणत! थोड्या वेळाने जाऊच म्हणाली, "बास, मिटव आता पुस्तक." "काकी, हे एवढं एकच होऊ दे ना!" लेक गयावया करायला लागली. माझ्यापाशी ती अशी कधी बोलली नव्हती. "उद्या," जाऊ हसली. "कळी मिटलेली असतानाच खुडायची बाय. झाडावरच उमलली तर बाजारात काय नेऊ?" माझा नुसता जळफळाट झाला. अंगणात मी मुद्दाम चपला वाजवल्या. पुढे निकालाचा पहिला फोनही काकीलाच गेला. हल्ली वर्गात मुलं रंगात आली की मीच म्हणते, "बास, उरलेलं उद्या." मुलं ओरडतात, "मॅडम, एकच!" जावेला हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.