वहिनीने न उचललेला झेंडा

गोलपोस्टमागे कोणी बसू नये, अशी पाटी आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर आहे. क्लबचा चिटणीस या नात्याने ती मीच रंगवून घेतली. सेमीफायनलला मी त्याच पाटीला खुर्ची टेकवून बसलो होतो, पाय ऐसपैस पसरून, हातात चहा. आमचा बॅक, ज्याला सगळे 'कपाट' म्हणतात, चेंडूमागे धावत आला, चेंडू आतच राहिला, तो मात्र वेगात गोलरेषेबाहेर गेला, माझ्या पायांत अडकला आणि माझ्यावर कोसळला. चहा त्याच्या मानेवर, त्याचा बूट माझ्या खुर्चीत.

आम्ही एकमेकांतून सुटायची खटपट करतोय, तोवर चेंडू परत आला. पास निघाला तेव्हा समोरच्यांच्या फॉरवर्डपुढे आमचा एकटा गोलकीपर. त्याने गोल मारला.

"ऑफसाइड!" मैदान ओरडलं. फॉरवर्डच्या पुढे बचाव करणाऱ्यांची निदान दोन माणसं नसतील तर ऑफसाइड, एवढं आमच्या माळ्यालाही कळतं. पण कडेला झेंडा घेऊन उभ्या पंचबाईंनी झेंडा उचलला नाही. सरळ मध्यरेषेकडे धावत सुटल्या. म्हणजे गोल. आम्ही हरलो.

या पंचबाई म्हणजे माझी थोरली वहिनी.

वहिनी दिवसभर ट्रकच्या वजनकाट्यावर काम करते आणि रविवारी झेंडा धरते. एकोणीस वर्षांपूर्वी एक पंच आला नाही, आणि कडेला उभी राहून सर्वांच्या चुका काढणाऱ्या या बाईच्या हातात कोणीतरी वैतागून झेंडा दिला. तो तिने परत केलाच नाही. दादाने लग्नानंतर तिच्या एका निर्णयाविरुद्ध एकदाच अपील केलं होतं. ते फेटाळल्यापासून तो सुखात आहे. एवढ्या वर्षांत तिला फायनल मात्र एकदाही मिळाली नव्हती. फायनलला काय घालायचं हे तिने ठरवून ठेवलंय, असं दादा म्हणतो. पंचांना एकच गणवेश असतो, तरीही.

स्पर्धा समितीचे अध्यक्ष आमच्याच क्लबचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "वहिनींनी 'नजरचूक झाली' एवढं लिहून द्यावं. सामना पुन्हा खेळवू. आणि फायनलचा झेंडा त्यांचाच."

मी पत्र टाइप करूनच काट्यावर गेलो. केबिन एवढीशी: एक खिडकी, एक पंखा आणि वहिनी. तिने पत्र वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"भावजी, कपाट बाहेर कसा गेला?"

"धावत."

"मी बाहेर काढला?"

"नाही, पण वहिनी, तो मैदानात नव्हता! जो नाही तो कसा मोजायचा?"

तेवढ्यात एक ट्रक काट्यावर चढला. वहिनीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ ड्रायव्हरदादा, मागची चाकं काट्यावर घ्या! बाहेर ठेवली तर काय दुसऱ्याची होतात?"

"ताई, रोज तेच ओरडता."

"रोज तेच करता म्हणून!"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बचाव करणारा परवानगीशिवाय बाहेर गेला, की खेळ थांबेपर्यंत तो गोलरेषेवरच आहे असं धरायचं. नाहीतर सगळे बॅक एक पाऊल बाहेर टाकतील आणि पुढच्याला ऑफसाइड करून मोकळे होतील. गोलकीपर एक, कपाट दोन. झाली माणसं."

"पण तो मुद्दाम गेला नाही! माझ्या पायांत अडकला!"

"गेला आधी, अडकला नंतर. त्याला लागलं असतं तर मुख्य पंचांनी खेळ थांबवला असता. त्याला फक्त चहा लागला."

"अध्यक्ष चिडतील."

"चिडू देत. मैदानावर तीनशे माणसं चिडली होती, त्यांना मी पत्रं लिहीत बसू?"

तिने माझं पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'गोल बरोबर होता. खेळाडू चिटणिसांच्या पायांत अडकला. चिटणीस बसू नये तिथे बसले होते.' खाली ठसठशीत सही केली. "हे द्या त्यांना."

मी कागद घ्यायला हात पुढे केला नाही. थोडं माझ्यासाठी, पण खरंच सांगतो, जास्त तिच्यासाठी.

"वहिनी, एकोणीस वर्षं वाट पाहिलीत. ही फायनल घालवलीत तर झेंडा कोणाला देतील?"

"ज्याला तुमच्या पत्रावर सही करता येईल त्याला."