रऊ आणि ‘आणखी मुली’

रऊ या माणसाबद्दल मला काडीचाही आदर नाही. त्याची माझी ओळख शॉमबर्गच्या आमच्या डायनिंग टेबलवर झाली. सोपे क्रेडिट मिळतात म्हणून लेकीने कॉलेजात बायबलच्या जुन्या कराराचा कोर्स घेतला होता, आणि सुट्टीत घरी येऊन ती त्यातल्या वंशावळी पाठ करत होती. पेलेगचा रऊ, रऊचा सरुग, असं करत गाडी अब्राहामापर्यंत जाते. रऊला बत्तिसाव्या वर्षी मुलगा झाला आणि त्यानंतर तो दोनशे सात वर्षं जगला. एवढीच कर्तबगारी. इतक्या वर्षांत या गृहस्थाने एक विहीर खणली नाही, कुणाशी धड भांडण केलं नाही, निदान तशी नोंद नाही. खायला काळ आणि भुईला भार. तरी नाव टिकलं, कारण मुलगा झाला.

"ही वॉज जस्ट अ लिंक, आई," लेक म्हणाली. "पण त्याला अदर सन्स अँड डॉटर्स पण होते."

त्या पोरींची नावं काय, असं मी विचारलं. तिने खांदे उडवले.

त्याच आठवड्यात ओहायोतल्या डब्लिनहून काकांची ईमेल आली. हे बाबांचे चुलतभाऊ. रिटायर झाल्यापासून त्यांनी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायला घेतली आहे. कोण कुणाचा मुलगा, कुठे शिकला, कुठल्या कंपनीत चिकटला. माणसाने जन्मभर काय केलं याला अर्धी ओळ आणि मुलगा झाला याला अख्खी फांदी, अशा या पुस्तकाला काका ‘हेरिटेज प्रोजेक्ट’ म्हणतात. मी मसुद्यात आमचं पान काढलं. बाबांचं नाव, ‘निवृत्त शिक्षक’, आणि पुढे एकच शब्द: निर्वंश.

निर्वंश बाबा तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून पोह्यांवर लिंबू पिळत होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. धाकटी बहीण त्यांना रोज फोन करते. दोन मुली, एक नात, आणि माणूस निर्वंश! रऊची हकिगत लिहिणाऱ्याने निदान ‘आणखी मुली’ एवढी तरी भीक घातली होती. मी गराजमध्ये जाऊन काकांना फोन लावला.

"काका, बाबांना आम्ही दोघी आहोत."

"अगं, ती टेक्निकल टर्म आहे, पर्सनली घेऊ नकोस. मुली सासरच्या वृत्तांतात जातात. नाहीतर डबल एंट्री होते."

डबल एंट्री! जन्मभर डेटाबेस सांभाळलेल्या माणसाला बायका चुकून दोनदा पडलेल्या ओळी वाटत असणार. त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांचा फोन उचलत नाही, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे, पण त्याची फांदी मात्र ठळक अक्षरात. मी म्हटलं, शब्द काढा, नाहीतर बाबांचं नावच काढून टाका.

"मी कसा काढू? प्रूफं तुझ्या बाबांनी स्वतः चेक केलीत. कालच मला फोटो पाठवले त्यांनी. विचार त्यांनाच."

माझा विश्वास बसेना. बाबांनी तो शब्द वाचलाच नसणार, वाचला असता तर दोन दिवस जेवले नसते, अशी मी स्वतःची समजूत घालत त्यांच्या खोलीत गेले. टेबलावर प्रिंटआउट होता. शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने पानापानावर लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. आमच्या पानावर एकच खूण होती. मसुद्यात ‘निर्वंष’ पडलं होतं. रागाच्या भरात माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. बाबांनी ‘ष’ खोडून समासात सुबक ‘श’ काढला होता.

कागद घेऊन मी स्वयंपाकघरात गेले.

"बाबा, हे तुम्ही वाचलंत?"

"वाचलं की. पोटफोड्या ष घातला होता गाढवाने. दुरुस्त केला."

"मग मी कोण?"

बाबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मायाच होती, दुसरं काही नव्हतं.

"असं काय विचारतेस वेड्यासारखं? तू मुलगी," ते म्हणाले. "बस जरा. दमलेली दिसतेस."