सुट्टीचा ताप

“सुट्टी अंगाला लागत न्हाय बगा,” असं म्हणत मामा गुळाचा खडा तोंडात टाकायचे आणि डोळ्यांपुढे काळी काच धरायचे. ही सत्तर सालानंतरची गोष्ट. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डर होते, मी फिटर; सगळे त्यांना मामाच म्हणायचे. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, यावर आम्हा सगळ्यांचीच श्रद्धा होती.

त्यांच्या हाताबद्दल काय सांगावं? जस्ताचा मुलामा असलेल्या जस्ती पाइपाला त्यांनी मारलेला जोड कणसातल्या दाण्यांसारखा ओळीनं बसायचा. मी पाणी सोडून तपासायला गेलो की हसायचे. “पाण्यालाबी वाट गावायची न्हाय.” कधी गावलीही नाही. पुढे कितीतरी वेल्डर पाहिले, पण तसा हात दिसला नाही.

एक मात्र विचित्र होतं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी जस्ताचा पांढरा धूर खाल्ला की संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरून ताप यायचा. सकाळी गडी ठणठणीत, आणि मग आठवडाभर काही नाही. मामांनी स्वतःच निदान केलं, ताप सुट्टीमुळे येतो. झालं, त्यांनी सुट्टीच सोडली. सगळे घरी असताना हे सायकल मारत यायचे आणि चार रॉड जाळून जायचे. मंगळवेढ्याची लेक दर सणाला म्हणायची, “आप्पा, आट दिस ऱ्हावा की.” मामा सकाळच्या एसटीनं जायचे, दुपारी परत. आम्ही त्यांच्या निष्ठेचं कौतुक करायचो. आता आमच्या अकलेची कीव येते.

काही वर्षांनी गेटपासून आत येताना ते दम लागून दोनदा थांबायला लागले. मी त्यांना ओढतच नवी पेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, “ताप धुराचाच. रोज धूर मिळाला की अंग सोसतं, सुट्टीत ती सवय मोडते. छाती मात्र रोजच खराब होत होती.”

मामांनी सदऱ्याची बटणं लावली. मग म्हणाले, “म्हंजे लेकीकडं ऱ्हायला हरकत नव्हती व्हय?”

मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

त्यांनी काम सोडलं. पंधरा दिवसांनी मी मंगळवेढ्याला गेलो, तर लेकीच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले. शब्दाशब्दाला धाप लागत होती. “पंदरा दिस... ऱ्हायलो. ताप न्हाय आला बगा.”

महिन्याभरात ते गेले. वर्कशॉपमधल्या पाण्याच्या टाकीचा जोड त्यांचाच. पाणी प्यायला गेलो की त्यावरून बोट फिरवायचो. बोट कोरडंच राहायचं.