उलटीच्या पिशवीतला लाडू

माझ्या आईने दिलेला तिळाचा लाडू त्या बाईने विमानातल्या उलटीच्या पिशवीत टाकला. समोरच्या सीटच्या खिशातून पिशवी काढली, दोन बोटांनी लाडू आत सोडला, पिशवीचं तोंड दुमडलं. मग ती दोन बोटं ओल्या टिश्यूने पुसली. मी शेजारीच बसले होते. इतका वेळ तिचा कोपर माझ्या कोपराला लागत होता. तो तिने काढून घेतला.

विमान विनिपेगला उभं होतं. जायचं होतं टोरंटोला, पण तिथे हिमवादळ, म्हणून विमान मध्येच इथे उतरवलं होतं. दार मात्र उघडत नव्हतं. हवा कोंदलेली. वॉशरूमपुढे रांग. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, विमानाचा पंखही दिसेना. पायलट मधूनमधून सांगायचा, "फोक्स, वी अप्रिशिएट युअर पेशन्स." खायचं सगळं संपलं होतं. मागे कुणाचं तरी पोर बराच वेळ रडत होतं, ते एकदम गप्प झालं. त्या गप्प होण्याचीच मला जास्त भीती वाटली.

मंदीचे दिवस होते. माझी सॉफ्टवेअरची नोकरी गेली होती. इंजिनियर मी, टोरंटोजवळ वॉनच्या एका वेअरहाऊसमध्ये खोकी पॅक करत होते आणि मिसिसागात एका बेसमेंटमध्ये राहत होते. नागपूरला बाबा गेले, आई एकटी पडली, म्हणून तिला घेऊन निघाले होते. तिला त्या बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर कोंडून मी खोकी भरायला जाणार होते. मला नोकरी हवी होती. लगेच.

आणि ती मिळत होती. हाँगकाँगच्या लांबलचक लेओव्हरमध्ये ही बाई आणि तिचा नवरा भेटले. पुण्याचे. आमचं मराठी ऐकून आपणहून जवळ आले. वहिनी म्हणत होते मी तिला. तिचे पाय सुजून बुटात मावेनात, तर आईने स्वतःची शाल गुंडाळून तिच्या पायांखाली दिली. आईच्या बाटलीला तोंड लावून ती पाणी प्यायली. नवरा एका कंपनीत मॅनेजर. त्याने कार्ड दिलं. "रेझ्युमे पाठवा. माझ्याच टीममध्ये ओपनिंग आहे. झालंच समजा." मला तिथल्या तिथे रडू येणार होतं.

विमानात आम्ही एकाच रांगेत आलो. आई, मी, वहिनी, तो. जेवण आलं तेव्हा आईने आणि मी व्हेज मील घेतलं. पौर्णिमा होती, आईचं उपोसथाचं व्रत. त्या दिवशी आमच्या घरात मटण-मासे शिजत नाहीत. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून त्याने आपलं गणित मांडलं आणि खूश झाला. "व्हेज? वा! म्हणजे आपल्यातल्याच निघालात की!"

 हा 'आपल्यातला' मी शाळेपासून ओळखते. त्याच्या मागोमाग प्रश्न येतात. नागपूरला कुठे? वस्ती कोणती? मामांचं आडनाव काय? रस्त्यावर विचारलं तर चालू पडता येतं. विमानात पट्टा बांधलेला असतो, शेजारी विचारणारा, आणि खाली समुद्र. मी डोळे मिटले. तो केव्हा विचारतो याची वाट बघत सगळा समुद्र ओलांडला.

त्याला विचारावंच लागलं नाही. विनिपेगला सगळे भुकेने कासावीस झाले तेव्हा आईने डबा काढला. पहिला लाडू वहिनीच्या हातावर ठेवला. दुसरा नवऱ्यापुढे केला. त्याने हसून हात जोडले. "काकू, तुम्ही म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. नमस्कार!"

आईने डबा मांडीवर ठेवला. दोन्ही हात जोडले आणि नेहमीसारखं म्हणाली, "जय भीम."

त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. "मला नको. शुगर आहे." जेवणात त्याने माझ्याही वाटचं पुडिंग खाल्लं होतं. वहिनीच्या हातात लाडू तसाच होता. त्याचं तिने काय केलं ते वर सांगितलंच आहे.

जरा वेळाने तो माझ्याकडे न बघता बोलला. "आधी सांगायला हवं होतं तुम्ही. आम्ही काही मानत नाही हो. पण ट्रान्स्परन्सी असते ना." मग म्हणाला, "आणि त्या ओपनिंगचं जरा अवघड दिसतंय. आमच्याकडे कोटा नसतो. मेरिट बघतात."

आईने डब्याचं झाकण लावलं. तिने सगळं पाहिलं होतं. सरकारी दवाखान्यात जन्मभर आया होती ती. येईल त्याची उलटी तिने पुसली, आडनाव न विचारता. तिने माझा गुडघा दाबला. "बोलू नको बाई. तुह्या नोकरीचं काम हाये."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यांच्यामुळे झाली, आणि आईला माझ्यापुढे असं हळू आवाजात बोलावं लागलं म्हणून त्याहून जास्त झाली.

एअर होस्टेस कचऱ्याची पिशवी घेऊन आली. "एनी गार्बेज?" वहिनीने उलटीची पिशवी पुढे केली. ती मी मधल्या मध्ये घेतली. उघडली. लाडू बाहेर काढला. अख्खा होता. मी तो खाल्ला, सावकाश, चावून, त्या दोघांच्या डोळ्यांदेखत. मग पर्समधून त्याचं कार्ड काढलं, त्याच पिशवीत टाकलं, तिने दुमडलं होतं तसंच तोंड दुमडलं आणि होस्टेसला दिली.

"धिस इज गार्बेज."

त्याला म्हणाले, "मेरिट बघितलं तुमचं. आधी सांगायचं राहिलं होतं ना? आता ऐका. जय भीम!"

पुढच्या रांगेतल्या माना वळल्या.  दार काही उघडलं नाही. आम्ही चौघं तसेच बसून राहिलो, एका रांगेत. वहिनी पलीकडच्या खिडकीकडे बघत होती, आणि खिडकीत बघण्यासारखं काहीच नव्हतं. पहिल्यांदाच असं झालं की मला कुठे पळायचं नव्हतं, आणि त्यांना पळायला जागा नव्हती.

तो अख्खा हिवाळा मी खोकी भरली. आई बेसमेंटमध्ये बसून राहिली. एकदाही म्हणाली नाही की तू बोलायला नको होतं.

अजूनही विमानात, ऑफिसात, ग्रोसरीच्या रांगेत कुणीतरी गोड आवाजात विचारतं, "नागपूरला कुठे?" मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत नाही. पहिल्यालाच सांगते, मोठ्याने, आईसारखे हात जोडून. ज्याला उठून जायचं असेल त्याने जावं. मी माझ्या सीटवरून उठणार नाही.